नानांच्या मापाचं धोरण

सरकारी धोरण कोणासाठी लिहिलंय हे धोरणात कधीच लिहिलेलं नसतं. तिथे नुसते 'कर्मचारी' असतात, सगळे एकाच रांगेत, बिनचेहऱ्याचे. मी नोकरीत एकच धोरण लिहिलं. त्याचं नाव 'वेतन, प्रोत्साहन व गौरव धोरण' असं भारदस्त होतं, आणि ते लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर नरडाण्याकडचे एक वॉल्वमन नाना सोडून दुसरं कोणीही नव्हतं. चोरी म्हणा हवं तर. कबूल करायला आता माझी काही हरकत नाही, कारण त्या चोरीत मी पुरती तोंडावर आपटले.

आमचं मंडळ पाणीपुरवठ्याचं. धुळे आणि जळगाव, दोन्ही जिल्ह्यांचं विभागीय कार्यालय धुळ्याला. मी तिथे आस्थापना शाखेत, म्हणजे माणसांच्या नेमणुका, रजा, वेतनवाढी आणि सेवापुस्तकं सांभाळणारी. सेवापुस्तक म्हणजे कर्मचाऱ्याची पत्रिकाच, फक्त ती त्याच्या घरी नसते, माझ्या कपाटात असते. ऑफिसात मला सगळे अक्का म्हणतात. माझ्यापेक्षा वयानं मोठे असलेलेही म्हणतात, कारण माझ्या तोंडाला लागायचं धाडस कोणी करत नाही. लेखाधिकारी तर म्हणायचे, अक्कांच्या टेबलावर पंखा लावू नका, त्या आधीच तापलेल्या असतात, वारा लागला की भडकतात.

तर नाना. नरडाण्याच्या अलीकडे आमच्या योजनेचं एक वॉल्वघर आहे, तिथून अकरा गावांना पाणी सुटतं. कोणत्या गावाला कधी, किती वेळ, हे वेळापत्रक ऑफिसच्या भिंतीवर टांगलेलं असतं आणि नानांच्या डोक्यात असतं. दोन्ही जुळत नाहीत आणि गावं नानांचं मानतात. नाना बरीच वर्षं रोजंदारीवर राबले, मग कधीतरी कायम झाले, जुन्या पेन्शनच्या गाडीत शेवटच्या डब्याला लोंबकळून चढले. त्यांना कायम करण्याचा आदेश आला तेव्हा मी नोकरीत नवी होते. वेतन ठरवून सेवापुस्तकात नोंद घेणं माझं काम. आदेश दोन पानी होता. त्या दिवशी माझ्या बहिणीला पाहायला मंडळी येणार होती आणि मला दोंडाईच्याची गाडी पकडायची होती. मी पहिलं पान वाचलं, दुसरं उलटलं, नोंद केली आणि पळाले.

दुसऱ्या पानावर शेवटचं वाक्य असं होतं की, रोजंदारीच्या सेवेचा विचार करून एक जादा वेतनवाढ देऊन वेतन निश्चित करावं. ते मी वाचलंच नाही. नाना एक पायरी खाली बसले आणि जन्मभर एक पायरी खालीच राहिले. दर वर्षी सगळ्यांना वेतनवाढ मिळाली, त्यांनाही मिळाली, पण त्या खालच्या पायरीवरून.

हे माझ्या लक्षात आलं तेव्हा बरीच वर्षं उलटली होती. शिरपूरच्या शाखेतला नानांबरोबरच कायम झालेला एक जण निवृत्त होत होता. त्याच्या सेवापुस्तकात एक जादा वेतनवाढ दिसली, आणि नानांचं उघडून पाहिलं तर त्यात ती नव्हती. मी नानांचा आदेश शोधायला अभिलेख कक्षात गेले. तो गठ्ठा जिथे होता त्याच्या बरोबर वर ऑफिसची पाण्याची टाकी होती, आणि टाकी दोन पावसाळे गळत होती. पाणीपुरवठ्याच्या मंडळात एवढं तरी पाणी वेळेवर पोचलं. गठ्ठ्याचा लगदा झाला होता.

दुरुस्तीचा प्रस्ताव मी मुख्यालयाला तीनदा पाठवला. तिन्ही वेळा एकच शेरा येऊन परत आला: मूळ आदेशाची प्रत जोडावी. मुख्यालयातही प्रत सापडेना. तिसऱ्यांदा फाइल परत आली त्या दिवशी मी ती अशी काही आपटली की शिपाई चहा घेऊन दारातूनच मागे फिरला. राग मुख्यालयाचा नव्हता. स्वतःचा होता.

आणि नाना निवृत्त व्हायला दीड वर्ष उरलं होतं. पेन्शन शेवटच्या पगारावर बसते. म्हणजे माझ्या त्या दोंडाईच्याच्या गाडीचं भाडं नाना आणि त्यांच्या मागे त्यांची बायको मरेपर्यंत भरणार. दर महिन्याला.

अशात मुख्यालयाचं पत्र आलं. मंडळाला नवं वेतन आणि गौरव धोरण आणायचंय, चांगलं काम करणाऱ्याची दखल घ्यायचीय, आणि प्रायोगिक तत्त्वावर त्यासाठी आमचा विभाग निवडलाय. खानदेश का निवडला असेल, यावर ऑफिसात बरीच चर्चा झाली. लेखाधिकाऱ्यांचं मत असं पडलं की, इकडे प्रयोग फसला तरी मुंबईला आवाज जात नाही. मी मात्र पत्राच्या चौथ्या परिच्छेदापाशी अडकले होते. दर वर्षी विभागातल्या एका कर्मचाऱ्याला गौरव म्हणून एक जादा वेतनवाढ, कायमस्वरूपी, पेन्शनसाठी ग्राह्य.

एक जादा वेतनवाढ. अगदी तेवढीच, जेवढी मी खाल्ली होती. मी त्या दिवशी डबाही नीट खाल्ला नाही.

समिती नेमली गेली. कार्यकारी अभियंता, म्हणजे आमचे साहेब, लेखाधिकारी आणि मी. शिवाय पुण्याहून एक सल्लागार बाई आल्या. तिशीतल्या, लॅपटॉपवाल्या, कडक इस्त्रीच्या कुर्त्यातल्या. मी त्यांना पाहताच मनात नावं ठेवायला सुरुवात केली. त्यांनी भिंतीवर पहिला पडदा पाडला, त्यावर मोठ्या अक्षरात एकच ओळ: 'आधी विचारा.' म्हणे, माणसाला काय हवं आणि त्याच्याकडे काय आहे, हे ठरवण्याआधी त्याला विचारा, निम्मं धोरण तिथेच होतं. मी लेखाधिकाऱ्यांच्या कानात म्हटलं, एवढंच सांगायला पुण्याहून आल्या, हे तर माझी सासू फुकटात सांगते. बाईंनी ऐकलं आणि हसल्या. वाईट नव्हत्या त्या, हे मला कबूल करावं लागतं.

मग त्या विचारत सुटल्या. कामाची प्रेरणा तुम्हाला कशातून मिळते? शिपाई म्हणाला, साहेब दौऱ्यावर असले की. साहेब म्हणाले, लोकांची सेवा, आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागले. जळगाव शाखेतल्या एका बाबूनं तर उलट बाईंनाच विचारलं, तुमच्या कंपनीत जागा आहे का. नानांना मी मुद्दाम धुळ्याला बोलावून घेतलं होतं. ते खुर्चीच्या काठावर बसले, गांधी टोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "पानी टाइमवर उनं का लोके शिव्या देतस नई. आखो काय जोयजे?" मी बाईंना मराठीत सांगितलं की पाणी वेळेवर गेलं की लोक शिव्या देत नाहीत, नानांना तेवढं पुरतं. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मला वाटलं, जमलं आपलं.

आता गुण कशाला द्यायचे, हा प्रश्न होता. बाईंच्या मसुद्यात पाच गोष्टी होत्या: हजेरी, तक्रारी, प्रशिक्षण, नवी कल्पना आणि सहकाऱ्यांचं मत. मी रात्रंदिवस वॉल्व फिरवणाऱ्या माणसाच्या जागी बसून त्या यादीकडे पाहिलं. नाना तीन गोष्टींत नापास होणार होते.

मग मी एकेकीला कात्री लावायला घेतली. हजेरीचं अंगठ्याचं यंत्र धुळ्याच्या ऑफिसच्या दारात, आणि वॉल्व नरडाण्याला. माणूस पाणी सोडणार की अंगठा लावायला येणार? शिवाय वॉल्वचं चाक फिरवून फिरवून नानांचा अंगठा इतका झिजला होता की यंत्र त्यांना ओळखतच नसे, लाल दिवा दाखवून हाकलून देई. हजेरीचे गुण कमी झाले. तक्रारी? जो लोकांसमोर उभा राहतो त्याच्याच तक्रारी होतात, मागच्या खोलीत बसून कॅरम खेळणाऱ्याविरुद्ध कोण तक्रार करणार, असं मी साहेबांकडे न बघता म्हटलं. तेही कमी झाले. प्रशिक्षणाचं तर सोपं होतं. आदल्या वर्षी ताणतणाव व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाला आमचे सहा जण नाशिकला गेले होते, आणि परत येताना गाडीत जागेवरून त्यांची हाणामारी झाली होती. नुसती आठवण करून दिली. नव्या कल्पनेला मी हात लावला नाही, कारण गळणाऱ्या वॉल्वला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळण्याची नानांची कल्पना मी स्वतः टाइप करून ठेवली होती.

उरले सहकाऱ्यांचं मत. सगळीकडून कापलेले गुण मी तिथे नेऊन ओतले. एकूण गुणांपैकी निम्मे तिथे झाले. गुप्त चिठ्ठी, त्यावर एकच नाव, आणि खाली कारण. माझा हिशेब साधा होता. दोन्ही जिल्ह्यांत नानांचं वाईट चिंतणारं एक माणूस नाही. ऑफिसची भिशी नाना चालवतात, कारण दुसऱ्या कोणाच्या हातात पैसे द्यायला कोणी तयार नसतं. हिवाळ्यातलं आमचं भरीत नानांच्या हातचं. मत दुसऱ्या कोणाला जाईलच कसं?

लेखाधिकारी चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "अक्का, धोरण करताय की कोणाच्या मापाचं शिवताय?"

"तुम्हाला घालायचं नाहीये ना, मग गप्प बसा," मी म्हटलं. साहेबांनी सही केली. मसुदा मुख्यालयात गेला आणि काय आश्चर्य, जसाच्या तसा मंजूर होऊन आला. कोणी वाचला नसावा. वाचत नाहीत, हे माझ्याइतकं कोणाला माहीत?

चिठ्ठ्या टाकायच्या आधीच्या आठवड्यात आमचं भरीत होतं. हे दर वर्षी वॉल्वघरामागच्या शेतात होतं. वांगी जळगाव शाखेकडून येतात, कारण भरताची ती मोठी हिरवी वांगी त्यांच्याकडची, आणि त्यांना ते दर वर्षी बोलून दाखवायचं असतं. धुळेकर म्हणतात, वांगी तुमची असतील, भाजणारा आमचा आहे. नाना कपाशीच्या वाळक्या काड्यांचा ढीग पेटवतात आणि त्यात वांगी टाकतात. मग आजूबाजूला कोणी कितीही सल्ले दिले तरी ते ढिम्म बसून राहतात. वांगं फुटायच्या जरा आधी बरोबर बाहेर काढतात. हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, वर कढत तेल. सल्लागार बाईंनाही बोलावलं होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या आणि त्या तिसऱ्यांदा वाढून घेत होत्या. त्या दिवसापासून मी त्यांना नावं ठेवणं बंद केलं.

आम्ही समितीवाले खुर्च्यांवर, एका बाजूला. बाकी सगळे विस्तवाभोवती नानांना घेरून बसले होते. मध्ये पितळी लोटा होता, चिठ्ठ्यांच्या घड्या घातल्या जात होत्या, कोणीतरी वहीत लिहीत होतं. मला वाटलं, नेहमीची भिशी काढताहेत. मधूनच लेखाधिकारी उठून तिकडे जाऊन आले, म्हणाले हात शेकून आलो. मी दुरून नानांकडे बघत होते. विस्तवाच्या उजेडात ते लोटा हलवत होते आणि सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मी मनात म्हटलं, हसा नाना, पुढच्या आठवड्यात तुमचाच नंबर आहे. मला इतकं बरं वाटत होतं की मी जळगावच्या वांग्यांचंही कौतुक करून टाकलं.

मतांची पेटी पुढच्या आठवड्यात साहेबांच्या केबिनमध्ये दुपारी उघडली. साहेब, लेखाधिकारी, बाई आणि मी. चिठ्ठ्या मी वाचणार, बाई लिहिणार. पहिली चिठ्ठी उघडली. नाव आमच्या जीपच्या ड्रायव्हरचं, कारण 'कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ व वक्तशीर'. मला हसू आलं. ड्रायव्हरभाऊ माणूस सोन्यासारखा, पण वेळेच्या बाबतीत त्याचं आणि घड्याळाचं हाडवैर. दुसरी चिठ्ठी, ड्रायव्हर, 'कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ व वक्तशीर'. तिसरी तशीच. दहाव्या चिठ्ठीला माझं हसू गेलं होतं, विसाव्या चिठ्ठीला माझा आवाज चढला होता. जळगाव शाखेच्या चिठ्ठ्याही तशाच. शब्द तेच आणि शाईसुद्धा तीच. सल्लागार बाई भारावून म्हणाल्या, "एका सहकाऱ्यावर एवढा विश्वास मी कुठल्याच संस्थेत पाहिला नाही." लेखाधिकारी छताकडे बघत होते.

साहेबांनी चिठ्ठीवर 'सर्वच उत्तम' असं लिहिलं होतं, ती बाद झाली. नानांच्या नावाची एक चिठ्ठी निघाली. ती माझी होती.

शेवटून दुसरी चिठ्ठी मी उघडली आणि वाचता वाचता थांबले. अक्षर मोठं, एकेक काना काठीसारखा उभा. हे अक्षर मी रोज बघते, नरडाण्याच्या पाणी सोडण्याच्या वहीत. नाव होतं, 'आस्थापनानी आक्का'. खाली कारण: 'आक्कानी मना कागद तीनदा धाडा. थकनी नई.'

"काय झालं?" साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही, डोळ्यात काहीतरी गेलं. लेखाधिकाऱ्यांनी चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, वाचली आणि परत माझ्यासमोर ठेवली. अहिराणी त्यांनाही कळते: अक्कानं माझा कागद तीनदा पाठवला, थकली नाही.

नानांना माहीत होतं. माझी चूक, परत आलेल्या फायली, सगळं. ऑफिसातला शिपाई नानांच्या भावकीतला, आणि फाइल आपटल्याचा आवाज नरडाण्यापर्यंत गेला असणारच. इतकी वर्षं मी त्यांच्याशी बोलताना वॉल्व, हवा, भरीत, सगळं बोलायचे, आणि माझ्या चुकीचं वाक्य तेवढं गिळायचे. आणि नाना मला बोलू देत नव्हते की माझी वाट बघत होते, कोण जाणे. मला लाज वाटली. लाज वाटली की मला राग येतो, म्हणून मी केबिनमधून तणतणत बाहेर पडले आणि थेट जीपपाशी गेले.

ड्रायव्हरभाऊ बॉनेट पुसत होता. मी विचारलं, हा काय प्रकार आहे? तो अगदी निरागस तोंडानं म्हणाला, "अक्का, हाई भिशी शे ना."

मग त्यानं सगळं सांगितलं. भरताच्या दिवशी लोट्यातून नंबर काढले होते. यंदा त्याचा, कारण शिरपूरला त्याच्या मुलीचं लग्न ठरलंय, गरजेच्या माणसांना आधीचे नंबर आणि उरलेल्यांना चिठ्ठीनं, हा भिशीचा रिवाज. पुढच्या वर्षी जळगावचा बाबू, त्याच्या घराचं छत अर्धवट आहे. मग शिपाई. अशी वीस वर्षांची यादी तयार होती. सगळ्यांनी यंदा भाऊला मत द्यायचं, भाऊ पुढची एकोणीस वर्षं यादीप्रमाणे मत देणार. आठव्या नंबरावर लेखाधिकारी होते. हात शेकायला गेले होते ते.

मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. गुणवत्ता शोधायला मी इतकी कात्री चालवली, आणि ह्या लोकांनी त्याची एका लोट्यात भिशी करून टाकली. खरं सांगते, दुसरी कोणती वेळ असती तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. एकही रुपया कोणाचा बुडणार नव्हता आणि कोणी कोणाच्या वरचढ होणार नव्हतं.

"आणि नाना?" मी विचारलं.

"यादी नानास्नीच करी दिधी," भाऊ म्हणाला. "आम्ही म्हनतूत, नाना, पहिला नंबर तुमना. त्या म्हने, नई. मी मे महिनामा चालना जासू, पुढला साल मी मत कसं देसू? जो परत देऊ शकत नई त्यानी नंबर लेवाना नई."

मेमध्ये निवृत्त होणारा माणूस पुढच्या वर्षी मत परत देऊ शकत नाही, म्हणून नानांनी स्वतःला नंबरच घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि एसटीनं नरडाण्याला गेले. ऑफिसची जीप नको होती, ड्रायव्हर ऐकेल म्हणून. नाना वॉल्वघराच्या ओट्यावर बसून कांदा सोलत होते. मी समोर बसले आणि ज्या वाक्याला मी इतकी वर्षं घाबरत होते ते बोलून टाकलं. म्हटलं, नाना, तुमच्या आदेशाचं दुसरं पान मी वाचलं नव्हतं. चूक माझी आहे. बहिणीला पाहायला येणार होते, दोंडाईच्याची गाडी होती.

नानांनी कांदा खाली ठेवला. "बहिनीनं लगीन जमनं का मंग?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, जमलं, त्याच मुलाशी.

"मंग ते बरं व्हयनं," नाना म्हणाले. मग विचारलं, तीनदा धाडला तर कागद परत का येतो? मी सांगितलं, मूळ आदेशाची प्रत मागतात, आपली टाकीखाली भिजून गेली. नाना उठले. आतल्या खोलीत त्यांचं बिऱ्हाड, तिथे पत्र्याची पेटी होती, लुगडी आणि जुन्या बॅटऱ्यांच्या खाली. त्यातून त्यांनी खताच्या पिशवीच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला, चार बाजूंनी मेणबत्तीनं डागून बंद केलेला. आदेश. दोन्ही पानं. प्रत्येक आदेशाची एक प्रत ज्याच्या नावे आदेश निघतो त्याला देतात, हे मी नव्या लिपिकांना पहिल्या दिवशी शिकवते.

"माले वाटे, हाऊ कागद तुमना हापिसमा व्हईच," नाना म्हणाले. "मांगा ऱ्हाता तं लगेच दिधा ऱ्हाता."

मागितला असता तर. मी मुख्यालयाशी भांडले, अभिलेख कक्षात लगदा चाळला, हजेरी कापली, तक्रारी कापल्या, एक अख्खं धोरण शिवून मंजूर करून आणलं, पण एसटीत बसून नानांना विचारलं नाही. विचारायचं म्हणजे आधी चूक सांगावी लागली असती. पुण्याच्या बाईंनी पहिल्याच पडद्यावर लिहिलं होतं आणि मी सासूचं नाव घेऊन हसले होते.

मी ओट्यावर बसून हसायला लागले आणि हसता हसता रडू आलं. नानांनी कांदा उचलून दूर ठेवला, जणू तो कांद्याचाच दोष होता. मग म्हणाले, "वाची दाखाड." मी प्लॅस्टिक फोडलं आणि दुसऱ्या पानावरचं शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

चौथ्यांदा प्रस्ताव गेला तो परत आला नाही. एप्रिलमध्ये मंजुरी आली, आणि मे महिन्यात नाना आपल्या हक्काच्या पायरीवरून निवृत्त झाले. ड्रायव्हरभाऊला गौरवाची वेतनवाढ मिळाली, लग्न थाटात झालं, आणि सत्कारालाही तो अर्धा तास उशिरा आला. सल्लागार बाईंच्या अहवालात आमच्या विभागातली एकी आदर्श ठरली. धोरण आता बाकीच्या विभागांनाही लागू होणार आहे म्हणे. भिशीचं मी कोणाला बोलले नाही. माझा नंबर तेरावा आहे.

मंजुरीच्या पत्राखाली आणखी एक ओळ होती. यावेळी मी ती वाचली. एवढ्या वर्षांच्या विलंबाबद्दल संबंधित लिपिकास सक्त ताकीद देण्यात येत असून तशी नोंद तिच्या सेवापुस्तकात घ्यावी. सेवापुस्तकांच्या नोंदी घेणारी मीच. माझं सेवापुस्तक मीच कपाटातून काढलं, माझ्याच अक्षरात माझी ताकीद लिहिली आणि साहेबांची सही घेतली. लेखाधिकारी शेजारी उभे होते. त्या पानाला मी नानांची चिठ्ठी टाचणीनं लावली, तेव्हा ते म्हणाले, अक्का, असला कागद सेवापुस्तकात बसत नाही.

"ठाऊक आहे," मी म्हटलं, आणि कपाट बंद केलं.